बारा आठवडे, वीस फेऱ्या: गंगापूर रोडवरील एका कठोर व्यायामवर्गाचे परीक्षण

नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत व्यायामशाळा इतक्या वाढल्या आहेत की गंगापूर रोड, कॉलेज रोड किंवा इंदिरानगर यांपैकी कुठेही दोन चौक ओलांडले, की आरशांच्या भिंती आणि ट्रेडमिलच्या रांगा दिसतातच. या गर्दीत आनंदवल्लीच्या अलीकडे, आतल्या गल्लीतील पत्र्याच्या शेडमध्ये भरणारा एक वर्ग उठून दिसतो. वजन घटवण्याचे किंवा दंड फुगवण्याचे कोणतेही आश्वासन तिथे मिळत नाही. प्रवेश घेताना हातात पडणाऱ्या कागदावर एकच उद्दिष्ट असते: बाराव्या आठवड्याच्या रविवारी ‘मर्फ’ हा व्यायाम पूर्ण करणे. तुकडी लहान राहावी म्हणून वर्गाचे नाव जाहीर लिहू नये, अशी तेथील प्रशिक्षकांची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे. मी हा वर्ग पूर्ण केला आहे. मनाचा चिवटपणा शिकवता येतो का, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला होता. त्याचे इतके सरळ आणि हाताला लागणारे उत्तर मला दुसरीकडे मिळाले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी व्यायामाविषयी. सुरुवातीला 1 मैल, म्हणजे सुमारे 1.6 किलोमीटर धावायचे. त्यानंतर 100 पुल-अप, 200 पुश-अप आणि 300 बैठका काढायच्या. आणि पाय लटपटत असतानाच पुन्हा 1 मैल धावून संपवायचे. मूळ स्वरूपात हे सगळे 20 पौंडांचे, म्हणजे साधारण 9 किलोंचे वजनी जॅकेट अंगात घालून करतात. अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ दलातील लेफ्टनंट मायकेल मर्फी यांचा हा आवडता व्यायाम होता आणि ते त्याला ‘बॉडी आर्मर’ म्हणत. 28 जून 2005 रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतातील डोंगरात त्यांची चार जणांची तुकडी वेढली गेली. मदत मागण्यासाठी संपर्क होईना, तेव्हा ते आडोसा सोडून उघड्यावर आले, निरोप पोहोचवला आणि त्या चकमकीत त्यांना वीरमरण आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्रॉसफिट या अमेरिकी व्यायामसंस्थेने हा व्यायाम त्यांच्या नावाने प्रसिद्ध केला. 2007 मध्ये त्यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान देण्यात आला. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, ‘मेमोरियल डे’ या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाला, हजारो लोक हा व्यायाम करतात. आमच्या प्रशिक्षकांनी ही हकिगत पहिल्या दिवशी एकदाच, आवाज न चढवता सांगितली आणि नंतर कोणाला हुरूप आणण्यासाठी तिचा एकदाही वापर केला नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटला.

प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले असून देवळाली कॅम्पात राहतात. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. ते वयाने मोठ्या असलेल्यांना ‘ताई’, ‘दादा’ आणि कॉलेजच्या मुलांना ‘अरे बाळा’ म्हणतात. पहिल्या टप्प्यात चतुर्थांश व्यायाम असतो: 400 मीटर धावणे, 25 पुल-अप, 50 पुश-अप, 75 बैठका आणि पुन्हा 400 मीटर. त्यानंतर निम्मा, मग पाऊण आणि अखेरीस पूर्ण. आठवड्यात तीन दिवस तंत्र आणि ताकद यांचा सराव, आणि रविवारी पहाटे साडेपाचला घड्याळ लावून त्या टप्प्याची परीक्षा. ज्यांना दांडीवर स्वतःला वर ओढता येत नाही (आणि आमच्यापैकी बहुतेकांना येत नव्हते), त्यांच्यासाठी रबरी पट्टे आहेत किंवा छताला टांगलेल्या लाकडी रिंगा आहेत, ज्यांना धरून तिरके झुकून छाती वर ओढायची. पुश-अप जमिनीवर जमत नसतील तर बाकावर हात टेकवून काढता येतात. वजनी जॅकेट फक्त त्यांनाच मिळते, ज्यांच्या विनावजनाच्या फेऱ्या शेवटपर्यंत स्वच्छ निघतात.

या वर्गाचे खरे मर्म मात्र एका नियमात आहे आणि त्यावर थोडे थांबून लिहायला हवे. प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचे कार्ड मिळते. रविवारी सुरुवात होण्यापूर्वी, श्वास शांत असताना, त्या कार्डावर आपण आज काय करणार हे स्वतःच्या हाताने लिहायचे: रिंगा की पट्टा, जमीन की बाक, किती फेऱ्या, मध्ये किती वेळ थांबायचे. सर ते वाचतात, गरज वाटली तर कमी करायला लावतात, आणि सही करतात. एकदा सही झाली की मध्येच कोणतीही सवलत मागता येत नाही. दुखापतीची शंका आली तर सर स्वतः थांबवतात. तो निर्णय त्यांचा. पण ‘आता पुरे, उरलेले पुढच्या वेळी’ हा पर्याय शिल्लकच ठेवलेला नाही.

ऐकायला हे कडक वाटते. प्रत्यक्षात त्याच्याइतका दिलासा कशानेच मिळत नाही. थकलेले मन सतत घासाघीस करत असते. दहा पुश-अपपैकी सातव्याला ते आठवण करून देते की काल झोप कमी झाली. नवव्याला सांगते की ही फेरी आठवरच सोडली तरी कोणाला कळणार नाही. या घासाघिशीतच निम्मी शक्ती खर्च होते, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळले. निर्णय आधीच, शहाण्या क्षणी, कागदावर उतरवलेला असला की त्या आवाजाला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. तो बोलत राहतो आणि आपण पुढची बैठक काढत राहतो.

पूर्ण मर्फ या वर्गात वीस फेऱ्यांत विभागून करतात: प्रत्येक फेरीत 5 पुल-अप, 10 पुश-अप, 15 बैठका. ही विभागणी जगभर रूढ आहे, कारण सलग शंभर पुल-अप काढायला गेले तर हात पहिल्या तीसांतच निकामी होतात. फेऱ्या मोजण्यासाठी इथे प्रत्येकाच्या पायाशी दोन स्टीलच्या वाट्या असतात आणि एकीत वीस चिंचोके. फेरी संपली की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिल्या सहा-सात फेऱ्यांत हे लक्षातही येत नाही. अकराव्याच्या सुमारास बोटे घामाने आणि खडूच्या भुकटीने इतकी चिकट झालेली असतात की गुळगुळीत चिंचोका चिमटीत धरणे हेच एक काम होते, आणि त्या दोन क्षणांची सक्तीची विश्रांती मिळते. बारावी ते सोळावी हा या व्यायामाचा खरा गाभा आहे. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. डोके गणित करू लागते, ते चुकते, आणि मनाला सोयीचे असेल त्या बाजूलाच चुकते. आपल्या चौदा झाल्या असे मी शपथेवर सांगितले असते तेव्हा वाटीत तेराच चिंचोके होते. तिथे वाद घालायला जागा नसते.

याच टप्प्यावर सर प्रत्येकाजवळ येऊन उभे राहतात. ते ओरडत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. माझ्याजवळ येऊन ते एवढेच म्हणाले, “ताई, वाटीकडे बघू नका. पुढचा एक पुल-अप बघा. श्वास सोडा आणि मग ओढा.” आधी एका वेगळ्या व्यायामशाळेत मी काही महिने काढले होते, तिथे कानाशी ओरडणे म्हणजेच प्रेरणा असा समज होता आणि मांडी थरथरू लागली की त्याचा व्हिडिओ काढला जाई. त्या पद्धतीने माणूस त्या दिवसापुरता जास्त व्यायाम करतोही, पण दुसऱ्या दिवशी एकट्याने करायची वेळ आली की त्याच्या हाताशी काहीच उरत नाही. इथे मिळालेले वाक्य मी घरी, ऑफिसात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही स्वतःला सांगू शकते.

मानसशास्त्रात याला आधार आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचा सिद्धान्त मांडला. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्यांचे म्हणणे: स्वतः काही पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याने पार पाडलेले पाहणे, कोणी विश्वासाने सांगणे, आणि स्वतःच्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम. या वर्गाची आखणी पाहिली की चारही वाटा दिसतात. चतुर्थांशापासून पूर्णापर्यंतचा प्रत्येक रविवार हा पार पाडल्याचा अनुभव असतो. शेजारच्या वाटीत साठीच्या आजोबांचे चिंचोके सरकताना दिसतात. सर मोजके बोलतात. आणि चौथी गोष्ट, धडधडणाऱ्या छातीचा अर्थ ‘मला झेपत नाही’ असा न लावता ‘काम चालू आहे’ असा लावणे, ही तर जवळजवळ रोजच शिकवली जाते. मधल्या सरावात दर काही मिनिटांनी आपल्याला किती जड जाते आहे ते 6 ते 20 या आकड्यांत सांगावे लागते. ही स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी. आकडा सांगायचा म्हटले की त्रासाकडे जरा लांबून पाहावेच लागते, आणि पुष्कळदा तो वाटतो त्याहून एक-दोन आकड्यांनी कमी निघतो.

आणखी एक गोष्ट सरांनी विचारपूर्वक केली आहे. निम्म्या टप्प्यानंतर एक परीक्षा मुद्दाम कामाच्या दिवशी संध्याकाळी ठेवली जाते. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 16 जणांना आधी 90 मिनिटे डोके शिणवणारे काम दिले आणि मग थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा ते लवकर थांबले. हृदयाच्या किंवा स्नायूंच्या कामात त्याचे कारण सापडले नाही. तेवढाच जोर त्यांना सुरुवातीपासून अधिक जड वाटत होता. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. दिवसभर ताळेबंद जुळवून संध्याकाळी त्या शेडमध्ये पोहोचले, तेव्हा रविवारी सहज निघालेली पहिली फेरीच दहावीसारखी वाटली. शरीर तेच होते, आकडा मात्र चारने वाढला होता. थकवा कुठला आहे हे ओळखून त्याच गतीने पुढे जाणे ज्या संध्याकाळी जमले, त्या संध्याकाळी मला या वर्गाच्या शुल्काची पूर्ण परतफेड मिळाली असे मी मानते.

‘सोडायचे नाही’ या शिकवणीत मोठा धोका असतो आणि तो इथे दुर्लक्षिलेला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. सरावाविना एकदम अतिश्रम केले, विशेषतः पुल-अपसारख्या व्यायामात, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवीचा रंग काळपट तपकिरी होणे, स्नायू प्रमाणाबाहेर सुजणे आणि दुखणे ही त्याची लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात जायचे, हे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते आणि शेडच्या दारावर मराठीत ठळक लिहिलेलेही आहे. छातीत दुखणे, चक्कर, सांध्यात टोचल्यासारखी कळ, यांपैकी काहीही झाले तर कार्ड बाजूला ठेवून थांबावेच लागते. चाळिशीपुढच्यांना आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय प्रवेश नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, म्हणून त्या दोन महिन्यांत पूर्ण मर्फची परीक्षा घेतलीच जात नाही. श्रमाचा त्रास आणि इजेचा इशारा यांतला फरक ओळखता येणे हा चिवटपणाचाच भाग आहे, आणि तो फरक न शिकवता केवळ रेटत राहायला सांगणाऱ्या वर्गात कोणी पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर सरावाची सुरुवात बारा सूर्यनमस्कारांनी होते, हे मला विशेष आवडले. आपल्याच शहरात, टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असे परंपरा सांगते. आकड्याला धरून शरीराकडून काम करून घेणे आणि त्यातून मन घडवणे ही कल्पना नाशिकला नवी नाही. अलीकडचे उदाहरण महाजन बंधूंचे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015 मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढे अंतर एका दमात मनात मावत नाही. दोघांनी आळीपाळीने चालवत ते तुकड्यातुकड्याने कापले. वीस चिंचोक्यांमागे तोच विचार आहे, फक्त प्रमाण सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे.

आता उणिवा. शेडमध्ये पुल-अपच्या दांड्या कमी आहेत आणि त्यांतली एकच कमी उंचीची. बुटक्या व्यक्तींना दर फेरीला ठोकळ्यावर चढावे लागते, त्यात लय मोडते. वजनी जॅकेटे जुनी झाली असून दोन-तीन जॅकेटांचे पट्टे सैल आहेत, त्यामुळे धावताना ती खांद्यावर आपटतात. स्त्रियांसाठी कपडे बदलायची स्वतंत्र खोली नाही. पडदा लावलेला कोपरा आहे, आणि तो पुरेसा नाही. हे मी तोंडी सांगितले आहे आणि इथेही लिहीत आहे, कारण तुकडीत जवळजवळ निम्म्या स्त्रिया असतात. पहिला आणि शेवटचा मैल ज्या रस्त्याने धावतात तिथे हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो आणि मोकाट कुत्री असतात. सोबत दुचाकीवर एक मदतनीस असतो, तरी परावर्तक पट्टे द्यायला हवेत.

याहून गंभीर उणीव वेगळी आहे. बाराव्या रविवारनंतर वर्गाकडे देण्यासारखे काही उरत नाही. आमच्या तुकडीतले काही जण पुढच्या महिन्यातच पुन्हा सुस्तावले, कारण ज्याच्यासाठी पहाटे उठत होते ते होऊन गेले होते. महिन्यातून एकदा जुन्या तुकड्यांसाठी निम्मा मर्फ ठेवला तरी हा खंड भरून निघेल. तसेच भिंतीवरच्या फळ्यावर सर्वांच्या वेळा चढत्या क्रमाने लिहिल्या जातात, ते मला पटलेले नाही. ज्या वर्गात प्रत्येकाचे कार्ड वेगळे आहे, तिथे रिंगांवर तासाहून अधिक काळ झुंजलेल्या माणसाचे नाव तळाशी का असावे? वेळ लिहायची तर ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहावी.

बारा आठवड्यांचे शुल्क 7,500 रुपये आहे आणि ते दोन हप्त्यांत देता येते. आसपासच्या वातानुकूलित व्यायामशाळांच्या तुलनेत ते फार कमी नाही; यंत्रे, वाफेची खोली, संगीत यांपैकी काही मिळत नाही. ज्यांना केवळ आकार सुधारायचा आहे त्यांना इतरत्र अधिक सोयी मिळतील. ज्यांच्या मनावर आधीच असह्य ओझे आहे, झोप उडालेली आहे किंवा नैराश्याचे उपचार चालू आहेत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. व्यायाम त्यांना साथ देईल, पण असा वर्ग हा उपचारांना पर्याय नाही, आणि सर स्वतः तसे सांगतात. उरलेल्यांपैकी ज्यांची कामे अर्ध्यावर सुटतात, ज्यांना अवघड प्रसंगात पहिल्या दहा मिनिटांतच हात टेकायची सवय आहे, त्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवते. माझा राग कमी झालेला नाही आणि रांगेत उभे राहणे मला आजही जड जाते. पण मार्चअखेरच्या हिशेबांत, जेव्हा एक फरक सापडता सापडत नाही, तेव्हा मी आता किती तास बसणार आणि कुठे थांबून दुसऱ्याला दाखवणार हे आधी कागदावर लिहिते आणि तेवढे पार पाडते.

प्रवेश दिवाळीनंतर आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला असे दोनदा होतात. दिवाळीनंतरची तुकडी घ्यावी. थंडीत उठणे अवघड असले तरी श्रमाला ती हवा अनुकूल असते. पहिला रविवार विनामूल्य बघायला मिळतो, तेव्हा कार्डावर नावाशिवाय काही न लिहिता एका कोपऱ्यात बसून बाराव्या फेरीच्या पुढचे चेहरे पाहावेत आणि मगच पैसे भरावेत. येताना हाताची नखे कापलेली असावीत, पाण्याची बाटली स्वतःची असावी आणि बूट सपाट तळाचे असावेत. बाकीचे तिथे मिळते.